बीप वाजली की एस

"आता कितव्या ओळीवर आहे?" बाबांनी विचारलं.

"दुसऱ्या."

"काय लिहिलंय तिथे?"

"सकाळपासून चौथ्यांदा वाचतेय बाबा. कुठल्यातरी कंपनीचं नाव आणि पुढे आकडे."

"आकडे सांग ना."

मी आकडे वाचले. बाबांनी ते पुटपुटत परत म्हटले आणि खुर्चीत मागे टेकले. "ही माझी हार्ड डिस्क. परवा सगळ्या फायली तिच्यावर उतरवल्या आणि काढायची राहिली. म्हणून पेनड्राइव्ह एक ओळ खाली सरकला. मी आपला दुसऱ्या ओळीवर जाऊन एंटर मारतोय. बघ, दोन तास कुठे गेले ते कळलं."

"तुमचे दोन. माझा एक."

"ऑफिसात असतीस तरी दुसऱ्यांच्या चुकाच शोधत बसली असतीस."

हे खरं होतं. मी एका प्रकाशन संस्थेत मुद्रितं तपासते. आठवड्याचे पाच दिवस बारीक टाइपात घातल्यावर शनिवारी जे दिसेल त्याचा मला राग येतो. आणि माझ्या वडिलांना वयाच्या नवव्या वर्षापासून काहीच दिसत नव्हतं. त्यांच्या खोलीतला मॉनिटर घरात फक्त माझ्यासाठी होता. एरवी आई त्यावर रुमाल वाळत घालायची.

बाबांचा जुना संगणक वर्षभर कुरकुरत होता. चार दिवस बरे गेले की तो स्वतःहूनच काहीतरी नवं उतरवून घ्यायचा, आणि स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज वाक्याच्या मधेच बंद पडायचा. मग मला फोन. म्हणून बाबांनी तो सगळा पुसून त्यावर लिनक्स ही दुसरी, फुकट मिळणारी प्रणाली घालायचं ठरवलं होतं. पेनड्राइव्हवरून, स्वतःच्या हाताने, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसतं ऐकून. पेनड्राइव्हही त्यांनीच तयार केला होता. अडचण एकच होती. संगणक सुरू होताना, कशावरून सुरू होऊ असं विचारणारी जी काळी यादी येते, ती मुकी असते. तिथे मोजावं लागतं. एफ बारा, इतके बाण खाली, एंटर. ते मोजणं बरोबर आहे की नाही हे एकदा कोणीतरी डोळ्यांनी बघायला हवं होतं. मला बोलावताना बाबांचे शब्द होते, "पाच मिनिटांचं काम आहे."

"उद्या अकरा वाजता मास्तरांचा फोन येणार," हार्ड डिस्कची वायर चाचपून काढत ते म्हणाले. "तोवर सगळ्या पायऱ्या माझ्या हातात पाहिजेत."

मास्तर म्हणजे गणिताचे निवृत्त शिक्षक. मधुमेहाने दोन वर्षांपूर्वी त्यांची नजर गेली होती. बाबा फोनवरून अशा सहा-सात जणांना संगणक शिकवायचे, पण त्यांचा जीव मास्तरांवर. मास्तर त्यांना एकदा म्हणाले होते, "डोळे गेल्यापासून घरातले माझ्या हातातलं सगळं काढून घेतात. भाजीची पिशवीसुद्धा. एक तरी काम असं सांगा, ज्यात मला कोणाला हाक मारावी लागणार नाही." बाबांनी शब्द दिला होता आणि तसाच एक पेनड्राइव्ह त्यांना पोस्टाने पाठवलाही होता. जी पायरी आपण स्वतः न बघता चढलो नाही ती दुसऱ्याला सांगायची नाही, असा त्यांचा नियम होता. म्हणून टेबलावर त्यांचा लहानसा रेकॉर्डर चालू असायचा आणि एकेक पायरी झाली की ते त्यात बोलून ठेवायचे. मी तिकडे लक्ष देत नव्हते.

"मी आलेय हो," म्हणत आई आत आली. "चहा ठेवलाय, डाव्या हाताला, घड्याळात नऊ असतात तिथे. आणि ही मी चालले."

आमच्या घरात प्रत्येक जण असंच बोलतो. खोलीत आलं की बोलायचं, जाताना सांगून जायचं. बाबांनी कधी दुसरा कुठलाही नियम केला नाही. परीक्षेत नापास झालं तरी चालेल, पण न सांगता खोलीतून जायचं नाही. "रिकाम्या खुर्चीशी बोलायला लागलं की माणसाला आपण वेडे आहोत असं वाटतं," ते म्हणायचे. ते एका मोठ्या इस्पितळात तेहेतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते. चारशेवर एक्स्टेंशन नंबर त्यांना पाठ होते आणि समोरच्याने फोन ठेवल्याशिवाय त्यांनी कधी लाइन सोडली नाही. इस्पितळात फोन करणारा माणूस आधीच घाबरलेला असतो, हे त्यांचं कारण.

हा नियम मी लहानपणी पाळला. चौदाव्या वर्षी मोडला. त्या वर्षी मला सगळ्यांचाच राग यायचा, आणि बाबांना त्रास देण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे त्यांच्या दारात काही न बोलता उभं राहणं. तिथे एक फरशी हलते आणि पाय पडला की वाजते. ती ओलांडून पाय कसा टाकायचा हे मी शिकले होते. ते डोकं वर करायचे. "कोण आहे?" मी गप्प. "कोणी आहे का?" मी गप्प. मग ते पुन्हा कामाला लागायचे आणि मी जिंकल्यासारखी निघून जायचे. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

हार्ड डिस्क काढून बाबांनी परत एफ बारा, बाण, एंटर केलं आणि संगणकाच्या पोटातून बीप आली.

"ऐकलीस?"

"तेवढं मलाही येतं ऐकू."

"बीप वाजली की एस, आणि एंटर. म्हणजे त्याला कळतं की आपल्याला बोलणारा पाहिजे. आता नाकातला बोलेल बघ."

नाकातला हे नाव आईने ठेवलेलं. लिनक्सबरोबर जो आवाज येतो तो पडसं झालेल्या माणसासारखा इंग्रजी बोलतो, बाबांनी तो आईला आधीच ऐकवला होता.

नाकातला बोलला नाही. स्क्रीनवर अक्षरं धावली आणि थांबली. आम्ही वीसपर्यंत मोजलं.

"काही येत नाहीये," मी म्हणाले. "बंद करून परत लावा."

परत एफ बारा, बाण, एंटर, बीप, एस, एंटर. परत शांतता. मी फोनवर शोधून शोधून सल्ले वाचून दाखवले. स्पीकरची वायर इकडून काढून तिकडे लावली. टेबलाखाली जाऊन डोकं आपटून घेतलं.

"आवाज वाढवलाय का तुम्ही?"

"जो बोलतच नाही त्याचा आवाज काय वाढवू?"

"स्पीकरचा, बाबा. स्पीकरचा."

"स्पीकर मी तू जन्मायच्या आधीपासून वापरतोय."

पाचव्या वेळी मला हसू येईनासं झालं. सातव्या वेळी त्यांनाही. दीड वाजता आईने जेवायला वाढलं आणि जेवणानंतर बाबांना जबरदस्तीने आडवं केलं. "अर्धा तास पाठ टेका. तो संगणक कुठे पळून जात नाही."

"ही पळून जाईल," बाबा म्हणाले.

ते झोपल्यावर मी खोलीत आले. मॉनिटरसमोर बसले, बीपनंतर एस वगैरे काही न दाबता डोळ्यांना जे दिसलं ते निवडलं, आणि माउसने पुढे, पुढे, पुढे करत गेले. सगळं पुसू का, असं त्याने विचारलं. पूस. चाळीस मिनिटांत झालं. सकाळपासून ज्याने नाकी नऊ आणले होते ते इतकं सोपं होतं याचाच मला जास्त राग आला.

बाबा उठून आले, खुर्चीत बसले आणि कान देऊन ऐकलं. "चालू आहे वाटतं. पंखा फिरतोय."

"झालं बाबा. केलं मी. छान दिसतंय अगदी. निळं."

"निळं," बाबा म्हणाले.

त्यांनी दोन्ही हात कळफलकावर ठेवले. दोन बोटं, तीन बोटं, वेगवेगळ्या जोड्या दाबून पाहिल्या. मग हात मांडीवर घेतले.

"हा बोलत नाही."

"ते नंतर कुठूनतरी चालू करता येईल. शोधते मी."

"आवाजावर घातला असता तर तो पुढेही आपोआप बोलला असता. मुक्याने घातला, तर मुका राहिला. जुना?"

"पुसला. तुम्हीच पुसणार होतात ना?"

"हो. मीच पुसणार होतो." "म्हणजे आता या घरात बोलणारा संगणक नाही."

"बाबा, मी दहा वाजल्यापासून इथे आहे. माझं घर तसंच पडलंय. काम झालं की नाही हे महत्त्वाचं. कोणी केलं याने काय फरक पडतो?"

"मला पडतो. मास्तरांना मी काय सांगू, मुलीला बोलवा?"

"मग मला कशाला बोलावता?"

"पाच मिनिटं बघायला."

"मी काय टॉर्च आहे तुमची? हवी तेव्हा दाबायची, काम झालं की ठेवून द्यायची?"

मला वाटलं, आता तरी चिडतील. पण ऑपरेटरच्या नोकरीत चिडणं बसत नाही. त्यांनी पेनड्राइव्ह चाचपून पाहिला, नीट बसलाय का.

"बरं. असू दे. परत पहिल्यापासून करू. तू काही करू नकोस, नुसती बस. मी सांगत जातो." आणि माझ्याकडे पाठ करून, संगणकाकडे तोंड करून ते बोलायला लागले.

मी पिशवी उचलली. दाराशी ती फरशी ओलांडून पाय टाकला. इतक्या वर्षांनी पाय विसरला नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. तिने हाताने विचारलं, काय? मी नुसती मान हलवली आणि चपला घालून बाहेर पडले. जिन्यापर्यंत मला बाबांचा आवाज ऐकू येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला आईचा फोन आला. बाबा खुर्चीत बसल्या बसल्या गेले होते. डॉक्टर म्हणाले, त्यांना कळलंही नसेल. सगळेच डॉक्टर असं म्हणत असावेत. मी पोचले तेव्हा खोलीत शेजारची माणसं होती आणि प्रत्येक जण आत येताना गप्प होता. अकरा वाजता बाबांचा फोन वाजला. फोनने मोठ्याने नाव सांगितलं, मास्तर. दोन खोल्या भरून माणसं माझ्याकडे वळली. मी फोन कापला.

पुढच्या रविवारी अकरा वाजता तो परत वाजला. मी आईला कपाट आवरायला मदत करत होते.

"ऑपरेटरसाहेब?"

"नाही. मी त्यांची मुलगी."

"हां हां, मुद्रितंवाली. नमस्कार. साहेब आहेत का? मागच्या रविवारी फोन मधेच कापला गेला. ते असं कधी करत नाहीत हो. आठवडाभर मी विचार करतोय, माझं काही चुकलं का म्हणून."

मी सांगितलं. पलीकडून बराच वेळ फक्त घड्याळाची टिकटिक ऐकू आली. भिंतीवरचं जुनं, किल्लीचं घड्याळ असावं.

"अरे," मास्तर म्हणाले. आणि पुन्हा थोड्या वेळाने, "अरे, अरे."

मग त्यांनी आईची चौकशी केली, फोन ठेवतो म्हणाले आणि ठेवला नाही.

"एक विचारू? मला पायऱ्या हव्यात म्हणून नाही. त्या राहू द्या आता. पण त्यांना जमलं का हो ते?"

"नाही" हा शब्द माझ्या तोंडात तयार होता. त्याच्या पुढचं वाक्य मला माझ्याबद्दल बोलावं लागलं असतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

फोन ठेवल्यावर मी बाबांच्या खोलीत गेले. आईने तिथलं काहीच हलवलं नव्हतं. रेकॉर्डर टेबलाच्या उजव्या कोपऱ्यात, त्याच्या जागेवर होता. लाल बटणाला बोटाने सापडावा म्हणून मेणाचा ठिपका लावलेला. मी त्याच्या शेजारचं बटण दाबलं.

"मास्तर, पायरी पहिली. संगणकाला पेनड्राइव्हशिवाय दुसरं काही लावलेलं नाही ना, हे हाताने बघा. मी हे विसरलो आणि माझे दोन तास गेले." त्याच्यामागे माझा आवाज होता, तुमचे दोन, माझा एक. मग सगळंच होतं. टेबलाखाली डोकं आपटल्याचा आवाज. स्पीकरचा, बाबा, स्पीकरचा. मधे जेवणाएवढी लांब शांतता, आणि त्या शांततेत माझ्या माउसच्या टिचक्या. निळं. टॉर्च. एखाद्या मुद्रितात माझ्यासारखी व्यक्ती आली असती तर मी म्हटलं असतं की लेखकाने जरा जास्तच केलंय.

मग बाबांचा आवाज, मी ज्या वाक्यावर निघाले तिथून पुढचा.

"...तर बीपनंतर आपण घाई करतोय असा मला संशय आहे. हा आधी कुठल्यातरी दुसऱ्याच वाटेने बोलत असेल. तुझ्या त्या मॉनिटरच्या वायरीतून वगैरे. तिथून कोणी एंटर दाबलं नाही की मग तो आपल्या स्पीकरकडे वळत असेल. आपण वीसवर उठतो. तुझ्यात पहिल्यापासून दम कमी. नववीत असताना तू माझ्या दारात येऊन गप्प उभी राहायचीस, आठवतं? फरशी चुकवून यायचीस. पण तुला बारा महिने सर्दी. श्वास ऐकू यायचा ना. मी दोनदा विचारायचो, मग म्हणायचो, नाही बोलायचं तर नाही, उभी तर आहे. कामाला लागायचो. बरं वाटायचं." ते हसले. "आता औषधांनी नाक बरं केलंय तुझं. काहीच ऐकू येत नाही. आहेस ना?"

पंख्याचा आवाज.

"आहेस का?"

मी रेकॉर्डर दोन्ही हातांत धरून बसले होते.

"गेली वाटतं," बाबा म्हणाले. खुर्ची करकरली. नंतरचा आवाज ऑपरेटरचा होता, सरळ आणि शांत. "मास्तर, इथे एक लिहून ठेवा. मदतीला माणूस बसवलं तर त्याला काम द्या. नुसतं बसवून ठेवलं की कोणीही कंटाळेल. ती चूक माझी. आता परत बीप. एस. एंटर. या वेळी मी नव्वदपर्यंत मोजणार आहे. एक. दोन. तीन."

ते मोठ्याने मोजत होते. मी पुढे ढकललं नाही. एक्क्याऐंशीला मला वाटलं, हे नव्वद म्हणतील आणि काहीच होणार नाही. शहाऐंशी म्हणताना त्यांच्या आवाजावर दुसरा आवाज चढला, पडसं झालेल्या माणसाचा.

"आला," बाबा म्हणाले. "मास्तर, आला बघा."

त्यांनी एंटर दाबला, नाकातल्याने भाषांची यादी वाचायला सुरुवात केली, प्रत्येक भाषेआधी एक नंबर. "अरे, ही तर एक्स्टेंशनच आहेत सगळी," बाबा म्हणाले. तेवढ्यात मागून आईची हाक आली, आजच्यापुरतं पुरे हो, चहाला या. "सात पायऱ्या झाल्या. उरलेल्या उद्या." ठिपक्याच्या बटणाचा खट्ट असा आवाज, आणि संपलं.

त्यानंतरचा आठवडा मी आईकडे राहिले आणि रोज ऑफिसमधून आल्यावर त्या संगणकासमोर बसले. पहिल्या दिवशी मॉनिटरवर दोन रुमाल टाकले, वाऱ्याने उडू नयेत म्हणून त्यांवर शब्दकोश ठेवला. सात पायऱ्या सोप्या गेल्या. आठवीला मी अडकले. नाकातला एकोणीस पर्याय वाचायचा, मी बारावा ऐकेपर्यंत तिसरा विसरायचे. चुकीचा नंबर दिला की तो शांतपणे मला भलत्याच खोलीत नेऊन सोडायचा. परत यायचं कसं हे विचारायला कोणी नाही. मी टेबलावर मूठ आपटली. रुमालाचा कोपरा उचलून हळूच बघावं असं दर दोन मिनिटांनी वाटायचं, आणि एकदा बघितलंही. मग ती पायरी मोजायची नाही म्हणून सगळं बंद करून पहिल्यापासून केलं.

"अगं, बघून कर ना," आई म्हणाली. "कोणी बघत नाहीये."

"तेच तर," मी म्हणाले.

बुधवारी मी भलतीकडेच एंटर मारला आणि दीड तास वाया गेला. गुरुवारी नाकातला मधेच अडखळला, तर मी त्याला जे बोलले ते मी कुठल्याही पुस्तकात छापू दिलं नसतं. बाबांनी हे सगळं जन्मभर केलं होतं. स्वयंपाकघरातल्या बरण्यांपासून बँकेच्या फॉर्मपर्यंत, प्रत्येक नवी वस्तू म्हणजे अशी मुकी यादी. आणि तरी त्यांचा आवाज कधी चढला नव्हता. मला चार दिवसांत चढवावा लागला.

शुक्रवारी मी आईला बोलावलं. "जरा बस माझ्याजवळ."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

आईने माझ्याकडे बघितलं.

"काम आहे तुला," मी म्हणाले. "नव्वदपर्यंत मोजायचं. आणि तो जे नंबर सांगेल त्यातला मी म्हणेन तो लक्षात ठेवायचा."

आईने हात पुसले, बाबांच्या पलंगावर बसली आणि मोजायला लागली. ती बाबांपेक्षा हळू मोजते. नाकातला बहात्तरलाच बोलला. मी ऐकत गेले, ती नंबर धरून बसली. चौदाव्या पायरीला डिस्क पुसू का, असं त्याने विचारलं आणि हो की नाही यातलं नाही आधीच निवडून ठेवलं होतं. कुठलाही बरा माणूस असंच करेल. मी ते निळं पुसलं. एकोणिसाव्या पायरीला त्याने पेनड्राइव्ह काढायला सांगितलं. संगणक बंद झाला, परत सुरू झाला. आई विनाकारणच मोजत होती. मग स्पीकरमधून नाव विचारलं गेलं.

"बोलला गं नाकातला," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "मी चालले, दूध तापतंय," असं सांगून उठून गेली.

रविवारी अकराला मीच मास्तरांना फोन लावला.

"त्यांना जमलं होतं," मी म्हणाले. "सात पायऱ्यांपर्यंत. उरलेल्या मी केल्यात. न बघता."

पलीकडे घड्याळ टिकटिकत होतं. "सांगता मला?"

"पहिल्या सात ते सांगतील."

मी रेकॉर्डर फोनपाशी धरला. आदल्या दिवशी दुपारभर मी त्याच्यासमोर बसून विचार केला होता, की माझा भाग काढून टाकावा. दुसऱ्यांच्या मजकुरातून नको ते काढून टाकण्याचाच मला पगार मिळतो. पण काढायला घेतलं तर दर पायरीत मी होते. म्हणून मास्तरांनी सगळं ऐकलं, माझ्या चिडचिडीसकट. ते एकदाच बोलले, टॉर्चच्या वेळी. "माझी सूनही अगदी हेच म्हणते," म्हणाले.

मग त्यांच्याकडे बीप वाजली. "एस," मास्तर म्हणाले, "एंटर," आणि वर्गात म्हणायचे तसे खणखणीत आवाजात मोजायला लागले. मागून कोणा बाईचा आवाज आला, "मी करून देऊ का बाबा?" "तू बस," मास्तर म्हणाले. "ही वही घे. मी सांगेन ते नंबर लिही. सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस." त्यांचा नाकातला एकशे तीनला आला. नव्वदनंतरचे तेरा आकडे आम्ही कोणी श्वास घेतला नाही.

सगळं व्हायला अडीच तास लागले. तिसऱ्यांदा एकोणिसाव्या पायरीला पोचलो तेव्हा मास्तरांचा घसा बसला होता आणि माझा कान गरम झाला होता.

"बाई, नाव विचारतोय," मास्तर म्हणाले.

"मग सांगा त्याला."

कळांचे आवाज आले, एकेक, शोधून शोधून दाबलेले.

"बरं," मास्तर म्हणाले. "ठेवा आता. दमलात तुम्ही."

"तुम्ही आधी ठेवा."

ते हसले. "हो. विसरलोच." आणि त्यांनी फोन ठेवला.

मी संगणक बंद केला. रुमालांची घडी केली. रेकॉर्डर उजव्या कोपऱ्यात, खुर्ची टेबलाकडे तोंड करून, जशी होती तशी. उद्या ऑफिस होतं, आठवडाभराचे कपडे पिशवीत कोंबून झाले होते. पिशवी खांद्याला लावून दाराशी आले आणि या वेळी त्या फरशीवर मुद्दाम पाय दिला. ती वाजली. स्वयंपाकघरातली भांडी थांबली.

मी वळले. खुर्चीची पाठ माझ्याकडे होती.

"बाबा," मी मोठ्याने म्हणाले, "मी निघाले."